नंदू कोण?

माझ्या हनुवटीखाली एक खूण आहे. मान वर केल्याशिवाय दिसत नाही. तीन टाके पडले होते. लग्न ठरायच्या वेळी बघायला आलेल्या बायकांपैकी एकीने ती नेमकी हेरली आणि विचारलं, "लहानपणी पडली होती काय पोरगी?" आई म्हणाली, "हो, जिन्यावरनं." आमच्या घराला जिना नव्हता.

खरी गोष्ट 1993 सालची. मी नववीत होते आणि चिकोडीच्या मैदानावर तालुक्याच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची निवड चालली होती. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यातच होतं, स्वतंत्र तालुका फार नंतर झाला. आम्ही निपाणीकडच्या चौघी मराठी शाळेतल्या, बाकीच्या सगळ्या कन्नड. चेंडू नेटला लागून उंच उडाला आणि मागच्या रांगेत, मी आणि दुसरी एक मुलगी यांच्या बरोबर मध्ये उतरायला लागला. आमच्या मास्तरांची शिकवण एकच होती, जिचा चेंडू तिनं ओरडायचं. मी ओरडले, "माझा!" त्याच क्षणी बाजूने आवाज आला, "नंदू!"

मैदानाबाहेर पोरांचं टोळकं उभं होतं. मला वाटलं, त्यातल्याच कुणाला ही हाक मारतेय. भर खेळात? कोण हा नंदू, म्हणून मी मान वळवली आणि तिचं कपाळ माझ्या हनुवटीवर आदळलं.

चेंडू दोघींच्या मध्ये पडला.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. माझ्या हनुवटीला कापूस, तिच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. रडत ती होती, मी नाही. थोड्या वेळाने तिने पिशवीतून कागदाची पुडी काढून पुढे केली. करदंट होता, गोकाकचा. मला जबडा हलवता येत नव्हता, म्हणून मी तो तुकडा गालात धरून नुसता चोखत बसले. बरोबर आलेल्या बाईंना दोन्ही भाषा येत होत्या. त्या हसत हसत म्हणाल्या, "अगं, नंदू म्हणजे माझं. 'नन्नदु'चं बोलताना 'नंदु' होतं. ती पण 'माझा'च म्हणत होती."

आमच्याकडच्या मराठी पोरांना कन्नड येत नाही असं बाहेरच्यांना वाटतं, आणि सगळ्यांना येतंच असंही बाहेरच्यांनाच वाटतं. खरं म्हणजे ते गावावर आहे. संकेश्वरात वाढलेलं पोर झोपेतसुद्धा दोन्ही बोलतं. वेदगंगेच्या काठच्या आमच्या गावात बाजारापुरतं कन्नड होतं. किती, कमी करा, पुरे, एवढंच. त्यामुळे निवड झाल्यावर आठ दिवस जो सराव झाला, तो आमच्यासाठी खेळापेक्षा भाषेचाच जास्त होता. शिकवणारे सर कन्नड. स्मॅश मारायच्या वेळी ते ओरडायचे, "होडी! होडी!" होडी म्हणजे मार. आम्ही चौघी हसून लोळायच्या बेतात. लिफ्ट, म्हणजे स्मॅश मारणारीसाठी वर दिलेला चेंडू, उंच द्यायला हवी असली की म्हणायचे, "मेले! मेले!" म्हणजे वर, आणखी वर. आमच्यातली एक दर वेळी पुटपुटायची, "कोण गं मेले?" आणि चेंडू बाहेर चाललाय, हात लावू नका, सोडा, यासाठी त्यांचा शब्द होता, "बिडी!"

निपाणीच्या पोरींना "बिडी" म्हटल्यावर काय आठवणार? माझी आई विड्या वळायची. गावातली निम्मी घरं वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, आणि हिशेब हजारावर. संध्याकाळी हजार भरल्या नाहीत तर मीही बसायचे. तोंड बंद करताना पान आत दुमडायचं असतं. ते काम बोटांच्या टोकांचं. जोर दिला तर पान फाटतं, नाही दिला तर सुटतं. पुढे मला लिफ्टर केलं ते उंचीमुळे नव्हे. सर म्हणाले होते, हिची बोटं चेंडूला आवाज करू देत नाहीत. व्हॉलीबॉलचा चेंडू 260 ते 280 ग्रॅमचा. तो बोटांवर येऊन निघून गेला पाहिजे, अडकता कामा नये. अडकला की होल्डिंग, फाऊल. हे मला कुणी शिकवलं नाही, ते सुपावरून आलं. आईला एकदा सांगितलं तर म्हणाली, "मग शंभर जास्त वळ की."

गावातलं मैदान म्हणजे तंबाखूच्या वखारीमागची जागा. उन्हाळ्यात वारं सुटलं की सर्व्हिस टाकणारी आधी शिंकायची. रेघा फक्कीने मारायच्या, आणि फक्की संपली की चुलीतल्या राखेने. चेंडू कातडी शिवणीचा. पावसात भिजला की नारळासारखा जड व्हायचा आणि अंडरहँड घेताना मनगटं लालभडक. हवा भरायला सायकलच्या दुकानात न्यायचा. दुकानदार सुई जिभेवर ओली करून आत घालायचा आणि दर वेळी बजावायचा, ब्लॅडर फुटला तर मला सांगायचं नाही.

मुलींना व्हॉलीबॉल मिळाला हेच नवल होतं. कर्नाटकातल्या शाळांत मुलींचा खेळ म्हणजे थ्रोबॉल. नेट तेच, मैदान जवळपास तसंच, पण चेंडू पकडायचा आणि फेकायचा. थ्रोबॉल वाईट नाही, मी खेळले आहे. पण मुलांना व्हॉलीबॉल आणि मुलींना थ्रोबॉल ही वाटणी ज्याने कुणी केली, त्याच्या मनात मुली उड्या मारताना कशा दिसतील हा विचार आधी आला असणार. आमच्या मास्तरांनी ती वाटणी मोडली, कारण त्यांना थ्रोबॉलचे नियम पाठ नव्हते. ओढणी कमरेला बांधून आम्ही सलवारीत खेळलो. ट्रॅक पँट पुढच्या वर्षी आली. त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला आणि मग तोही विरला.

माझा खेळ दहावीनंतर संपला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांचा जसा संपायचा तसाच.

आता भावाची मुलगी खेळते. उंचीने लहान, म्हणून तिला लिबेरो केलंय. माझ्या वेळी ही जागाच नव्हती, 1998 नंतर आली. लिबेरोने सर्व्हिस करायची नाही, ब्लॉकला जायचं नाही, नेटच्या वरून मारायचं नाही. फक्त मागे राहून पडणारे चेंडू उचलायचे. आणि जर्सीचा रंग संघापेक्षा वेगळा. पहिल्या दिवशी तिला तेच लागलं. "आत्ती, सगळ्या निळ्या आणि मी एकटीच पिवळी. बाहेरची वाटतोय मी." मी म्हटलं, पंचाला तू लांबून ओळखू यावीस म्हणून ते. तिला पटलं नाही. मलाही ते म्हणताना फार पटलं होतं असं नाही.

2022 च्या डिसेंबरात मुरगूडच्या बाजूला एका गावात मुलींच्या स्पर्धा होत्या. मुरगूड आमच्यापासून लांब नाही, नदीही तीच. वेदगंगा तिकडून वाहत आमच्याकडे येते, तिला कुणी अडवत नाही. पण ते महाराष्ट्रात आणि आम्ही कर्नाटकात. नेमकं त्याच आठवड्यात सीमाप्रश्न पेटला. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे कर्नाटकाच्या गाड्यांना काळं फासलं, आणि दोन्ही राज्यांच्या एसट्या बंद झाल्या. भाची सकाळी सहाला बॅग भरून, गुडघ्याला नीकॅप चढवून ओट्यावर बसली होती. कुणाचीतरी जीप ठरली होती, तोही नको म्हणाला. दहा वाजता तिने नीकॅप काढल्या. आधी डावी, मग बऱ्याच वेळाने उजवी. दोन वर्षांपूर्वी कोरोनात कोगनोळीच्या नाक्यावर रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडत नव्हते, तेव्हाही ती अशीच बसली होती. पण तेव्हा निदान रोग होता.

सीमाप्रश्नावर मी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. तटस्थ राहायला इथे राहून चालत नाही. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. वडिलांच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि तो वाचून घ्यायला ते अजून दुसऱ्याच्या दारात जातात. आपल्याच शेताचा आकडा परक्याच्या तोंडून ऐकायचा यातलं दुखणं ज्याचं त्यालाच कळतं. 1956 साली राज्यं वाटली तेव्हा बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका काढून मुंबई राज्यात कोल्हापूरला जोडला आणि बाकीचे आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा 2004 चा. माझं शिक्षण, लग्न, केस पांढरे होणं, सगळं या तारखांच्या मागेपुढे उरकलं.

तर त्या डिसेंबरानंतरच्या ऑगस्टात, 2023 मध्ये, भाची रात्री जेवताना मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसली. मुलींची 19 वर्षांखालची जागतिक स्पर्धा चालली होती. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडची जेवायची वेळ, घड्याळात साडेतीन तासांचा फरक. आपला संघ त्यात नव्हता. मी सहज विचारलं, कुठं चाललंय? ती म्हणाली, "दोन देशांत. थोडं इकडं, थोडं तिकडं." क्रोएशियातलं ओसियेक आणि हंगेरीतलं सेगेद. भाचीला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र आमटी तशीच ठेवून नकाशा उघडला.

ओसियेक द्रावा नदीच्या काठी. नदी ओलांडून थोडं वर गेलं की हंगेरी. सेगेद तिसा नदीच्या काठी, तिथून सर्बिया आणि रुमानिया दोन्ही जवळ. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत ही दोन्ही शहरं एकाच साम्राज्यात होती. मग 1920 साली तह झाला, रेघा मारल्या, आणि माणसं आपापल्या घरात बसून परदेशी झाली. ओसियेकच्या पलीकडच्या बारान्या भागात आजही हंगेरियन बोलणारी गावं आहेत. त्यांच्या तोंडी ओसियेकचं नाव एसेक. आणि क्रोएशियन माणूस सेगेदला सेगेदिन म्हणतो. बेळगाव म्हणायचं की बेळगावी, यावर ज्यांनी वर्गातल्या बाकांवर मारामाऱ्या केल्यात, त्यांना यात किती जीव रमेल ते सांगायला नको.

आणि त्याच वर्षाच्या 1 जानेवारीला क्रोएशिया शेंगेन करारात आला होता. म्हणजे या दोन देशांच्या मधले तपासणी नाके उठले होते. आम्ही बॅगा परत फडताळात ठेवल्या, त्याच हिवाळ्यात तिकडे नाके उठले, आणि उन्हाळ्यात पोरी दोन्हीकडे खेळल्या.

मला एकदम हेवा वाटला. तो फार टिकला नाही. नकाशा बघता बघता पुढचंही वाचलं. याच ओसियेकवर 1991 मध्ये तोफांचे गोळे पडले होते. तिथल्या म्हाताऱ्यांनी जे पाहिलं, त्यापुढे आमच्या बंद पडलेल्या एसट्या काहीच नाहीत. आणि ज्या सेगेदने क्रोएशियाकडचे नाके उठल्यावर स्पर्धा भरवली, त्याच सेगेदजवळ हंगेरीने सर्बियाच्या बाजूला 2015 साली काटेरी तारेचं कुंपण घातलं. एका दिशेला दार उघडं, दुसऱ्या दिशेला तार. युरोपात सगळं छान असतं असं समजून जेवायला बसलेल्या माणसाला ताटावरून उठायला लावणारी गोष्ट. स्पर्धा शेवटी अमेरिकेने जिंकली, जिला या कुठल्याच नदीशी घेणंदेणं नाही.

या स्पर्धेचा इतिहासही गमतीचा आहे. मुलींची ही जागतिक स्पर्धा पहिल्यांदा 1989 मध्ये ब्राझीलला झाली, तेव्हा वयाची अट 18 ची होती. जिंकली सोव्हिएत संघाने. दोन-अडीच वर्षांत तो देशच उरला नाही. 1993 मध्ये, म्हणजे मी हनुवटी फोडून घेतली त्या वर्षी, विजेता म्हणून नाव लागलं रशियाचं. मधल्या काळात ज्यांचं पंधराचं सोळा झालं, त्या पोरींनी सकाळी उठून कुठल्या देशाची जर्सी शोधली असेल, याचा मी कधी कधी उगाच विचार करते.

भाचीला पाओला एगोनू आवडते. भिंतीवर चित्र लावलंय. 2015 साली लिमाला हीच स्पर्धा इटलीने जिंकली तेव्हा एगोनू सोळा वर्षांची होती आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. इटलीतल्या चित्तादेल्ला गावात जन्मलेली, आईवडील नायजेरियातून आलेले. तिची उडी बघायची असेल तर चेंडू बघू नये, तिचे बूट बघावेत. ब्लॉक करणाऱ्या खाली यायला लागतात आणि ही अजून वर असते. मेले, मेले! पण 2022 मध्ये जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळाल्यावर ती रडत म्हणाली होती, की मी इटालियन का, असं लोक मला विचारतात. दोन वर्षांनी पॅरिसला सुवर्णपदक मिळालं, तिथेही सर्वोत्तम तीच. रोममध्ये एका भिंतीवर तिचं चित्र काढलं, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी चित्रातली तिची कातडी गुलाबी रंगवून ठेवली.

हे ऐकून भाची गप्प बसली. तिला कोल्हापूरला मामेबहिणी "कानडी" म्हणतात आणि धारवाडला विभागीय सामन्यांत "महाराष्ट्रदवळु" म्हणाले होते, म्हणजे महाराष्ट्रातली. तिच्या छातीवर तेव्हा आमच्या शैक्षणिक जिल्ह्याचं नाव होतं, कन्नड अक्षरांत. ते तिला सफाईने वाचता येतं, माझ्यापेक्षा चांगलं.

मग ती एकदम म्हणाली, "आत्ती, एक सांगू? मधली रेघ कुणाची असती ठाऊक हाय?"

मी म्हटलं, कुणाची म्हणजे? मधली आहे ती.

तिने मोबाईलवर नियम काढून दाखवला. व्हॉलीबॉलच्या मैदानावरची प्रत्येक रेघ पाच सेंटिमीटर रुंद आणि ती मैदानातच धरतात. चेंडू तिला नुसता शिवला तरी आत. आणि नेटखालची मधली रेघ तिच्या पूर्ण रुंदीसकट दोन्ही बाजूंची असते, सारखीच. अर्धी तुझी, अर्धी माझी नव्हे. सगळी तुझी आणि सगळी माझी. त्यामुळे उडी मारून उतरताना पाय पलीकडे गेला तरी थोडा जरी रेघेवर किंवा तिच्यावरच्या हवेत असला तर चालतो. सगळाच्या सगळा पलीकडे गेला की फाऊल.

मी इतकी वर्षं त्या रेघेला भीत खेळले. आमचे मास्तर म्हणायचे, रेघेला पाय लावला तर तंगडी मोडीन. आता कळतंय, त्यांना व्हॉलीबॉलचेही नियम पाठ नव्हते.

गेल्या पावसाळ्यात भाचीची निवड चाचणी होती, पुन्हा चिकोडीलाच. मी मुद्दाम गेले. मैदान बदललंय, चेंडू तर अगदीच बदललाय, निळा-पिवळा, भिजला तरी जड न होणारा. शिकवणाऱ्या एक तरुण बाई होत्या, त्या तिन्ही भाषांत ओरडत होत्या, आणि त्यातली इंग्रजी सगळ्यांनाच सारखी परकी होती. भाची पिवळ्या जर्सीत मागे उभी. तिच्या शेजारी रायबागकडची एक उंच मुलगी, कन्नड. सकाळी दोघी एकाच डब्यातलं खाताना मी पाहिलं होतं. भाकरी आमची, चटणी त्यांची.

पलीकडून सर्व्हिस आली. वर चढली, वाऱ्याने थोडी वळली, आणि दोघींच्या बरोबर मध्ये उतरायला लागली. माझा हात आपोआप हनुवटीवर गेला.

भाची जोरात ओरडली, "नंदू!"

आणि त्याच क्षणी ती उंच मुलगी ओरडली, "माझा!"

दोघी थबकल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. चेंडू मध्ये पडला, एक टप्पा घेतला आणि गडगडत गटारीकडे गेला.